तेरावा महिना: टोरांटोत निर्वासित कुटुंबांच्या सोबतीला जाताना

निशिगंध_टो

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. गेल्या बुधवारनंतर मात्र राहवलं नाही, म्हणून हा धागा.

मी टोरांटोत थॉर्नक्लिफ पार्कजवळ राहते. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉन नदीच्या खोऱ्याला लागून उंच, जुन्या इमारतींची रांग आहे आणि त्यांत अफगाण, पाकिस्तानी, सीरियन, फिलिपिनो कुटुंबं दाटीवाटीने राहतात. कॅनडात आलेल्या कितीतरी माणसांचा पहिला पत्ता इथलाच असतो. इथल्या बायकांनी समिती काढून, महापालिकेच्या मागे लागून बागेत सार्वजनिक तंदूर बसवून घेतलाय. उन्हाळ्यात शुक्रवारी बागेत बाजार भरतो तेव्हा त्या तंदुरातला नान मिळावा म्हणून मी मुद्दाम लवकर घरी येते.

दर बुधवारी संध्याकाळी मी आमच्या भागातल्या वाचनालयात जाते. तिथे नव्याने आलेले लोक इंग्रजी बोलायचा सराव करायला जमतात. शिकवणं असं काही नसतं. आठ-दहा खुर्च्या गोल मांडायच्या, भाजीबाजार, डॉक्टर, शाळा असा एक विषय काढायचा आणि बोलत राहायचं. चार वर्षं झाली मला.

आमच्यात एक अफगाण बाई आहे, तीन मुलांची आई. २०२१ मध्ये काबूल पडल्यावर हे कुटुंब पेशावरला निघून गेलं, तिथे तीनेक वर्षं एका खोलीत काढली आणि मग सरकारी योजनेतून इथे आलं. पेशावरमुळे तिला उर्दू येतं आणि मला आपलं मुंबईचं हिंदी. पहिल्या दिवसापासून आमचं जमलं. ती मला बाजी म्हणते, म्हणजे ताई.

गेल्या बुधवारी सराव संपला तरी ती उठेना. सगळे गेल्यावर तिने पिशवीतून दोन पाकिटं काढली आणि माझ्यापुढे ठेवली. एकात सरकारी मदत या महिन्यात संपत असल्याचं पत्र होतं. दुसऱ्यात कर्जाचं पहिलं बिल.

कर्ज कसलं, ते सांगते, कारण इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही हे माहीत नसतं. निर्वासितांना कॅनडात येण्याच्या विमानाच्या तिकिटांसाठी सरकार कर्ज देतं आणि ते त्यांनी फेडायचं असतं. २०१८ पासून त्यावर व्याज लागत नाही आणि हप्ते इथे पोचल्यावर वर्षभराने सुरू होतात. सरकारने आणलेल्या कुटुंबाला घरभाडं आणि किराण्यासाठी जी मासिक रक्कम मिळते, तीही साधारण एक वर्षच मिळते. म्हणजे मदत थांबते आणि हप्ता सुरू होतो, दोन्ही एकाच सुमाराला. या कामातले लोक त्याला ‘मंथ थर्टीन’ म्हणतात, तेरावा महिना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुष्काळात तेरावा महिना ही आपली म्हण यांनी कधी ऐकलेलीही नसेल.

तिला पैशांपेक्षा वेगळीच भीती होती. हप्ता चुकला तर परत पाठवतील असं तिने धरलं होतं. पाकिटं येऊन नऊ दिवस झाले होते आणि तिने नवऱ्यालाही दाखवली नव्हती. तुम्ही इथल्या स्थायी रहिवासी आहात, कर्जाच्या हप्त्यावरून कुणी कुणाला देशाबाहेर काढत नाही, फोन केला तर हप्ता लहानही करून मिळतो, हे मी तिला तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिने पाकिटं परत पिशवीत ठेवली.

कॅनडात सोयी नाहीत असं मुळीच नाही. विमानतळावर उतरवून घेणारे लोक असतात, पहिले काही आठवडे राहायची व्यवस्था असते, घर शोधून देणाऱ्या संस्था असतात. स्थायी रहिवासी आणि निर्वासितांसाठी ‘लिंक’ नावाचे इंग्रजीचे फुकट वर्ग १९९२ पासून चालू आहेत आणि कितीतरी ठिकाणी वर्गाशेजारीच लहान मुलांना सांभाळायची सोयही असते. पण त्या वर्गापर्यंत पोचायचं कसं, इथे गाडी अडते.

हिचंच सांगते. काबूलमध्ये किंवा पेशावरमध्ये ती कधी एकटी बसने गेली नव्हती. वर्गात नाव लागलं, बसच्या भाड्याचं प्रेस्टो कार्ड हातात आलं, तरी दोन आठवडे ती गेलीच नाही. शेवटी मी सुट्टी काढली आणि तिच्याबरोबर बसमध्ये बसले. धाकटी ढकलगाडीत, बाहेर उणे चौदा. कार्ड यंत्राला टेकवल्यावर हिरवा दिवा लागला तेव्हा ती माझ्याकडे वळून बघत राहिली, अजून काही करायचं असतं का, म्हणून. थांब्यांची नावं तिला वाचता येईनात, तेव्हा तिने खुणा पाठ केल्या: लाल कौलांचं चर्च, मग पेट्रोल पंप, मग शाळेचं मैदान, मैदान दिसलं की दोरी ओढायची. दुसऱ्या दिवशी ती पुढे बसली आणि मी मागच्या बाकावर. तिसऱ्या दिवशी मी कामावर होते. साडेनऊला फोनवर एक फोटो आला, वर्गाच्या दाराचा. नुसत्या दाराचा, बाकी काही नाही.

आणखी एक प्रसंग आहे, तो मनातून जात नाही. ती दवाखान्यात गेली, बरोबर नऊ वर्षांचा मोठा मुलगा, कारण घरात सगळ्यात चांगलं इंग्रजी त्याचं. मी सोबत होते, पण आत त्यानेच बोलायचं असं त्या दोघांचं ठरलेलं. डॉक्टरांनी पाळीबद्दल आणि रक्तस्रावाबद्दल विचारायला सुरुवात केली. पोराला काय विचारलंय ते नीट कळलं नाही आणि जेवढं कळलं तेवढ्याने त्याचा चेहरा लाल झाला. तो जमिनीकडे बघत आईला दारी या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, आई ‘नो, नो’ म्हणाली आणि विषय तिथेच संपला. दुभाषी हवा का, असं तिथे कुणी विचारलं नाही, आणि मागता येतो हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. त्याची मला अजून रुखरुख आहे.

तर धाग्याचा हेतू असा. टोरांटो आणि आसपास आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत. आपल्यातल्या बहुतेकांना हिंदी येतं, म्हणजे अफगाण आणि पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांशी आपण पहिल्याच दिवशी बोलू शकतो. देणग्या आपण देतोच. मला आठवड्यातले दोन तास हवे आहेत, सोबत जायला. कुणी हे काम करत असेल तर अनुभव लिहा, माझं काही चुकत असेल तर सांगा.


केदार_मार्कम

फार मनापासून लिहिलंय. त्या दाराच्या फोटोपाशी थांबलो. शनिवारी सकाळी मोकळा असतो, गाडी आहे. कुठे यायचं ते कळवा.


वाटसरू५५

निशिगंध, मी ७५ च्या सुमाराला मिसिसॉगात आलो, तेव्हा दोन-तीन मराठी घरं ओळखीची होती. तुमचं वाचून १९७९ चा उन्हाळा आठवला.

व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून लोक निघाले होते, कितीतरी जण होड्यांतून, आणि रोज रात्री टीव्हीवर तीच दृश्यं. त्या जूनमध्ये टोरांटोत यॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक हॉवर्ड एडलमन यांच्या घरी शेजारीपाजारी जमले आणि त्यातून ‘ऑपरेशन लाइफलाइन’ उभं राहिलं. सर्वसामान्य नागरिकांनी पाच जणांचा गट करून एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घ्यायची, अशी तरतूद कायद्यात नुकतीच झाली होती. लोकांनी ती अक्षरशः उचलून धरली. १९७९ आणि ८० या दोन वर्षांत ६०,००० माणसं आली आणि त्यातली निम्म्याहून अधिक अशा खाजगी गटांनी आणली. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचं नान्सेन पदक कॅनडाच्या समस्त जनतेला मिळालं. एका अख्ख्या देशाच्या लोकांना ते मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

आमच्या गल्लीतल्या चर्चने एक कुटुंब घेतलं होतं. मी चर्चचा नव्हे, पण शेजाऱ्याने विचारलं, तुझ्याकडे गाडी आहे, बूट घ्यायला नेशील का? पाच जणांचे बर्फातले बूट. आजीबाईंचं पाऊल इतकं लहान की मुलींच्या विभागातून घ्यावे लागले, गुलाबी रंगाचे. त्यांनी ते दुकानातच घातले आणि काढायला तयार होईनात. गाडीत पाय थोडे उंच धरून बसल्या होत्या, बूट मळू नयेत म्हणून. मला एक शब्द व्हिएतनामी येत नव्हतं. बुटांनंतर दात, दातांनंतर शाळा, असं करत वर्ष गेलं. त्यांचा मधला मुलगा पुढे माझा हिशेबनीस झाला.

आता पंच्याहत्तरी ओलांडली, रात्री गाडी चालवत नाही. पण बुधवारी बसने येऊ शकतो.


धनश्री_ब्रॅम्प्टन

निशिगंधताई, धागा वाचून रडू आलं. पण एक विचारायचंय. आम्ही विद्यार्थी. आमच्यासाठी काय? मी इथल्या एका संस्थेत गेले होते, नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायला. त्यांनी माझं परमिट बघितलं आणि सांगितलं, तुम्ही स्टुडंट, तुम्ही आमच्या यादीत बसत नाही. तळघरात सहा जणी राहतो. घरी आई-बाबांना यातलं काहीही सांगितलेलं नाही. मी निर्वासितांशी तुलना करत नाहीये, त्यांचं दुःख कितीतरी मोठं आहे. पण एकटं आम्हालाही वाटतं.


निशिगंध_टो

धनश्री, तुलना करायची गरजच नाही बाळा. तुझं म्हणणं खरं आहे. केंद्र सरकारच्या पैशांवर चालणाऱ्या बहुतेक सेवा स्थायी रहिवासी आणि निर्वासितांपुरत्या असतात, तात्पुरत्या परमिटवाल्यांना त्यांत जागा नाही. मला स्वतःला हे पटत नाही. जी मुलगी पुढे इथली नागरिक होऊ शकते, तिला सुरुवातीच्या वर्षांत दारातून परत पाठवायचं हे कसलं नियोजन?

तरी वाचनालय सगळ्यांचं आहे. तिथे परमिट कुणी विचारत नाही. २११ या नंबरवर फोन कर, तिथले लोक तुझ्या परिस्थितीला लागू पडणाऱ्या जवळपासच्या सेवा शोधून देतात आणि तो फोन फुकट आहे. आणि मला व्यक्तिगत निरोप पाठव. आज पाठव.


श्रीधर_ओकव्हिल

वेगळं मत मांडतोय, राग मानू नका.

आम्ही २००८ मध्ये पॉइंटवर, म्हणजे शिक्षण-अनुभवाच्या गुणांवर आलो. पदव्या तपासून घेतल्या, इंग्रजीची परीक्षा दिली, पैसे दाखवले, सगळं रीतसर. उतरलो ते ऐन मंदीत. पुण्यात बारा वर्षं प्लॅनिंगचं काम केलेला माणूस मी, इथे दीड वर्ष गोदामात रात्रपाळीला खोकी उचलली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: कॅनेडियन अनुभव आहे का? बायकोने मंगळसूत्र सोडून सगळं सोनं मोडलं. आमच्याबरोबर बसमध्ये कुणी बसलं नाही. आणि निर्वासितांना मिळणारी रक्कम इथल्या पेन्शनरांपेक्षा जास्त असते असंही वाचलंय. मग मनात येतं की नियमाने येणाऱ्याने काय पाप केलं होतं?


निशिगंध_टो

श्रीधरदादा, राग मुळीच नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आधी रकमेचं. पेन्शनरांपेक्षा जास्त मिळतं असा एक मेल वीसेक वर्षं फिरतोय, तो खोटा आहे. सरकारने आणलेल्या कुटुंबाला त्या त्या प्रांतातल्या सामाजिक मदतीच्या दराने पैसे मिळतात. टोरांटोत त्यात भाडंसुद्धा धड निघत नाही. वर ते विमानाचं कर्ज.

आता तुमचं. तुम्ही स्थायी रहिवासी म्हणून आलात, म्हणजे या सेवा २००८ मध्येही तुमच्यासाठी खुल्या होत्या. नोकरीचा अर्ज लिहायला मदत, तुमच्या व्यवसायातल्या माणसाशी ओळख, वहिनींसाठी वर्ग, सगळं. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मलाही नाही. मी २००९ च्या जानेवारीत आले आणि आठ महिन्यांनी, कपडे धुवायच्या खोलीत भेटलेल्या एका श्रीलंकन बाईने मला पहिल्यांदा अशा संस्थेचा पत्ता दिला. त्या आठ महिन्यांत मी स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाले होते. त्या बाईने जे केलं तेच मी बुधवारी करते.

कॅनेडियन अनुभवाचं म्हणाल, तर ऑन्टारियोत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत तशी अट घालता येत नाही. तुमच्या-माझ्यासाठी फार उशिरा झालं. पण झालं.


मुक्ता_सेटलमेंट

मी एका संस्थेत सेटलमेंट वर्कर म्हणून, म्हणजे नव्याने आलेल्यांना इथे स्थिरावायला मदत करायचं, अकरा वर्षं काम करतेय. निशिगंध, तुमचं बहुतेक सगळं बरोबर आहे. थोडी भर घालते, जरा लांबेल.

पहिलं दुभाष्याचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. मुलांना दुभाषी करू नका, कुणालाही करू देऊ नका. इथे फार सर्रास चालतं. मी अकरा वर्षांची मुलगी पाहिलीय, जिने आईच्या गाठीचा रिपोर्ट आईला सांगितला. ती मुलं रात्री झोपत नाहीत आणि का झोपत नाहीत ते घरात कुणाला कळत नाही. बहुतेक रुग्णालयांत फोनवर दुभाषी मिळतो. स्वतःहून देत नाहीत, मागावा लागतो, आणि शक्यतो वेळ ठरवतानाच मागावा. म्हणून प्रत्येक बाईला पहिलं वाक्य मी हेच शिकवते: ‘आय नीड अ दारी इंटरप्रिटर.’ हवामानाच्या गप्पा नंतर. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवायला देते, बोलता आलं नाही तर कागद दाखवायचा.

दुसरं, तेराव्या महिन्याची तयारी दहाव्या महिन्यात करायची असते, आणि त्यात सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र. उत्पन्न शून्य असलं तरी नवरा-बायको दोघांनीही ते भरायचं. कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी दर महिन्याला येणारे पैसे, दर जुलैला आदल्या वर्षीच्या विवरणपत्रावरून नव्याने ठरतात. भरलं नाही तर जुलैत ते पैसे बंद होतात. तीन मुलांच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये वाचनालयांत आणि समाजकेंद्रांत स्वयंसेवक फुकट विवरणपत्रं भरून देतात. तुमच्यापैकी ज्यांना आकड्यांची सवय आहे त्यांनी त्याचं प्रशिक्षण घ्या. बसच्या सोबतीइतकंच मोलाचं काम आहे ते.

तिसरं, शाळा. ऑन्टारियोतल्या बऱ्याच शाळांत १९९९ पासून नवागत कुटुंबांसाठी सेटलमेंट वर्कर येतात. मुलाच्या शाळेच्या कार्यालयात जाऊन नुसतं विचारलं तरी गाठ पडते.

आणि एक कळकळीची विनंती. त्यांच्यासाठी करू नका, त्यांच्याबरोबर करा. फोन तुम्ही लावलात तर काम पाच मिनिटांत होतं, त्यांनी लावला तर अर्धा तास जातो. तो अर्धा तास जाऊ द्या. मागचं काही विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ती माणसं आपण होऊन सांगतात, कधीकधी दोन वर्षांनी, भांडी घासता घासता. आणि फोटो काढून फेसबुकवर टाकू नका. अफगाण कुटुंबांचे नातेवाईक अजून मागे आहेत.


केदार_मार्कम

मुक्ताताई, ते पाच जणांच्या गटाचं अजून करता येतं का? आम्ही चार मित्र तयार आहोत.


मुक्ता_सेटलमेंट

सध्या नाही. अर्जांचा ढीग इतका साचला की नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस सरकारने पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. ज्या धार्मिक आणि सामाजिक संस्थांचा सरकारशी करार आहे त्यांच्यामार्फत अजून कुटुंबं येतात, त्यांना माणसं हवीच असतात. तुम्ही चौघं तिथे जा. आणि खरं सांगू का, जी कुटुंबं आधीच इथे येऊन पोचलीत, त्यांच्या शेजारी आज कुणी नाही.


राधिका_हॅलिफॅक्स

आमच्या नोव्हा स्कोशियात सीरियाच्या हदाद कुटुंबाची गोष्ट पोराटोरांना माहीत आहे. दमास्कसमध्ये त्यांचा चॉकलेटचा कारखाना होता, तो बॉम्बहल्ल्यात गेला. अँटिगोनिश या छोट्या गावातल्या लोकांनी गट करून त्यांना आणलं. त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात चॉकलेट करायला घेतलं, मग शेजाऱ्यांनी हात लावून छोटा कारखाना उभा करून दिला. त्यातून ‘पीस बाय चॉकलेट’ निघालं. २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरीला वणवा लागला तेव्हा याच नवख्या कुटुंबाने आपल्या कमाईतून तिकडे पैसे पाठवले.

अशी उदाहरणं द्यावीत का, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका असते. सगळेच निर्वासित कारखाना काढणार नाहीत. जो माणूस आयुष्यभर भांडी धुवेल आणि रात्री निवांत झोपेल, त्याचाही इथे तितकाच हक्क आहे.


अनघा_स्टुटगार्ट

आमच्याकडे जर्मनीत २००५ पासून ‘इंटेग्रात्सिओन्सकुर्स’, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचा अभ्यासक्रम आहे: ६०० तास भाषा, १०० तास कायदा, इतिहास आणि समाजजीवन. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा. चौकट अगदी पक्की. मीही नवऱ्याच्या व्हिसावर येऊन तोच कोर्स केला, माझ्या शेजारी अलेप्पोचा एक सुतार बसायचा. त्याला व्याकरण माझ्याआधी कळायचं आणि मला शब्द त्याच्याआधी आठवायचे, आम्ही एकमेकांच्या वह्या बघून पास झालो.

पण ७०० तासांनंतरही शेजारीण दारात उभी राहून दोन वाक्यं बोलत नाही तोवर भाषा तोंडात बसत नाही. मला ती शेजारीण तिसऱ्या वर्षी मिळाली. तुमच्या बुधवारासारखा ‘श्प्राखकॅफे’ इथेही असतो, आता मीच तिथे जाते. युक्रेनच्या आज्या येतात, लोणी-साखरेच्या पाककृतींवर बोलतो.


हरेश_कॅम्प४

मी उल्हासनगरचा. आमच्या घरात सिंधी, बाहेर मराठी, म्हणून इथे लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे आजोबा कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि तिथून कल्याणच्या कॅम्पात. युद्धकाळातल्या लष्करी बराकी होत्या त्या. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये पडदा म्हणून गोणपाट. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी गावाला उल्हासनगर नाव दिलं, पण आम्ही आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबरच सांगतो. माझ्या आयडीतही तो आहे.

आजी एका गोष्टीचं नाव कायम काढायची. कल्याणकडून भाजी घेऊन येणारी एक आगरी बाई होती. आजीला मराठी येत नव्हतं, तिला सिंधी येत नव्हतं. ती बाई एकेक भाजी हातात उचलून नाव सांगायची आणि आजीने ते परत म्हटल्याशिवाय भाजी तराजूत टाकायची नाही. शेपू, माठ, दुधी. आजी ऐंशीची होऊन गेली, शेवटपर्यंत भाज्यांची नावं मराठीत घ्यायची. त्या बाईचं नाव आमच्या घरात कुणाला माहीत नाही. रेशन सरकारने दिलं आणि बराकही सरकारने दिली, तरी आजी सांगायची ती या बाईचीच गोष्ट.


वाटसरू५५

हरेश, सांभाळून काय घ्यायचं? आज या धाग्यावर तुमच्याइतकं कुणी मला हलवलं नाही.


स्नेहल_फार्मा

निशिगंध, तुमच्या त्या बाईंचे यजमान काय करतात? काबूलमध्ये काय करायचे?


निशिगंध_टो

स्नेहल, काबूलमध्ये औषधांचं दुकान होतं, शिकलेले फार्मासिस्ट आहेत. इथे रात्री गोदामात. मूळ प्रमाणपत्रं काबूलमध्येच राहिली.


स्नेहल_फार्मा

वाटलंच. मीही त्याच वाटेने गेलेय. फार्मसी एक्झामिनिंग बोर्डाकडे आधी कागदपत्रांची तपासणी, मग मूल्यमापन परीक्षा, मग दोन भागांची पात्रता परीक्षा, शिवाय प्रत्यक्ष काम. मला साडेतीन वर्षं लागली आणि माझी कागदपत्रं हातात होती. कागद नसताना काय करता येतं ते मी बोर्डाला विचारून सांगते, उगाच आशा लावत नाही. तोवर फार्मसी असिस्टंटचं काम ऑन्टारियोत परवान्याशिवाय करता येतं. पगार गोदामाच्या आसपासच, पण औषधांची नावं कानावर पडत राहतात, आणि माणूस आपल्या कामाच्या वासात असतो. त्यांचा नंबर नको, माझा त्यांना द्या. त्यांना वाटलं तर करतील फोन.


श्रीधर_ओकव्हिल

पूर्ण धागा आज शांतपणे वाचला. सरकारने आधी कुणाला आणि किती द्यावं याबद्दल माझं मत बदललेलं नाही, ते तसंच राहू द्या. पण गोदाम मला माहीत आहे. रात्रपाळीचा माणूस दिवसा मुलाखतीला जाऊ शकत नाही, इथेच तो अडकतो. त्या यजमानांना दिवसपाळी मागायची कशी, सुपरवायझरशी बोलायचं कसं, हे मी सांगू शकतो. हिंदी चालेल ना त्यांना? आणि धनश्री, तुझा अर्ज मला पाठव. मी दर महिन्याला शंभर अर्ज वाचतो, काय खटकतं ते नीट सांगेन.


धनश्री_ब्रॅम्प्टन

पाठवला काका. थँक्यू.


निशिगंध_टो

तीन आठवडे धाग्यावर येता आलं नाही, क्षमस्व. जे झालं ते लिहिते.

कर्जाचा हप्ता कमी करून मिळाला. मुक्ताने सांगितल्याप्रमाणे फोन तिने स्वतः लावला, मी फक्त शेजारी बसले होते. अडतीस मिनिटं लागली, त्यातली बावीस नुसतं संगीत ऐकण्यात. नवऱ्याला आता सगळं माहीत आहे. मागच्या शनिवारी केदार त्या दोघांना समाजकेंद्रात घेऊन गेला आणि दोघांचंही विवरणपत्र भरून झालं. रांगेत आणखी चार अफगाण कुटुंबं होती, त्यातल्या दोघांना बायकोनेही भरायचं असतं हे माहीतच नव्हतं. केदारने पुढच्या वर्षीसाठी त्या प्रशिक्षणात नाव घातलंय.

यजमानांनी अजून स्नेहलला फोन केलेला नाही. नंबर मात्र त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय.

आणि काल ती परत त्याच दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला, तेव्हा तिने पर्समधून मुक्ताच्या सांगण्यावरून लिहिलेला कागद काढला, बघितला आणि परत आत ठेवला. मग तोंडाने म्हणाली, आय नीड अ दारी इंटरप्रिटर. दहा मिनिटं थांबावं लागलं, मग आतल्या फोनवर कुणी एक बाई दारीत बोलायला लागली. मी बाहेर बाकावर बसून होते. ती चाळीस मिनिटं आत होती. मुलगा शाळेत होता.

या बुधवारी साडेसहाला भेटूया. वाटसरूकाका, ट्रान्सफर थॉर्नक्लिफला घ्यायची आहे, मी थांब्यावर येऊन उभी राहते. धनश्री, तूही ये, जेवून येऊ नकोस.